दोन डोळे, एक दृष्टि

संस्कृत शास्त्रकारांनीं लोकव्यवहारांतून जे अनेक न्याय उचलले, त्यांत काकाक्षिगोलकन्याय हा एक मोठ्या गमतीचा न्याय आहे. कावळ्याला बुबुळ एकच असून तें तो गरजेप्रमाणें कधीं या खोबणींत तर कधीं त्या खोबणींत फिरवितो, अशी जुनी समजूत होती. तिच्यावरून, वाक्यांतील एकच पद दोन ठिकाणीं लावावयाचें झालें म्हणजे टीकाकार या न्यायाचा आश्रय करतात. कावळ्याविषयींची ही समजूत अर्थातच खोटी आहे. परंतु कांहीं माणसांच्या बाबतींत ती जवळजवळ अक्षरशः खरी ठरते, हें सूझन बॅरी या अमेरिकन विदुषींचें ‘फिक्सिंग माय गेझ’ हें पुस्तक वाचतांना आमच्या ध्यानांत आलें. या माणसांस डोळे दोन असतात, ते दोन्ही उघडे असतात, दोहोंसही दिसतें. परंतु पाहण्याचें काम एका वेळीं एकच डोळा करतो. स्वतः बॅरीबाई वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत अशाच पाहत होत्या. पुढें त्यांना दोन्ही डोळ्यांनीं एकत्र पाहतां येऊं लागलें, आणि त्या अनुभवाची ही कथा आहे.

पुस्तक न्यूयॉर्कच्या बेसिक बुक्स या संस्थेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यास प्रख्यात मज्जारोगतज्ज्ञ व निबंधकार ऑलिव्हर सॅक्स यांची प्रस्तावना आहे. तत्पूर्वीं २००६ सालीं सॅक्स यांनीं ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत ‘स्टीरिओ सू’ हा निबंध लिहून ही हकीकत जगापुढें मांडली होती. तो निबंध २०१० सालच्या ‘द माइंड्स आय’ या त्यांच्या संग्रहांत आहे. २०२४ सालीं ‘डिअर ऑलिव्हर’ या नांवानें बॅरीबाईंनीं सॅक्स यांच्याशीं झालेल्या आपल्या पत्रव्यवहाराची व स्नेहाची कथा प्रसिद्ध केली, त्यामुळें मूळ पुस्तकाकडे पुन्हां वळण्यास निमित्त मिळालें. नव्या पुस्तकाची पोंच देणें हा आमचा हेतु नाहीं. ज्या घरांत लहान मूल आहे अशा प्रत्येक घराशीं या पुस्तकांतील विषयाचा संबंध आहे, आणि पुस्तकांत जें सांगितलें आहे तें जितकें मोलाचें, तितकेंच तें चुकीच्या रीतीनें समजलें जाण्याचा संभवही आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम दोन डोळ्यांनीं पाहणें म्हणजे काय, हें पाहूं. माणसाचे डोळे एकमेकांपासून सुमारें सहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यामुळें एकाच वस्तूचें जें चित्र उजव्या डोळ्यांत उमटतें, तें डाव्या डोळ्यांतील चित्राहून किंचित् निराळें असतें. वाचकांनीं आपला आंगठा नाकासमोर धरून एकदां उजवा व एकदां डावा डोळा मिटून पाहावें. आंगठा मागील भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो असें दिसेल. ही उडी जितकी मोठी, तितकी वस्तु जवळ. मेंदू ही दोन चित्रें एकत्र करतो, त्यांतील फरकाचें माप घेतो, आणि तें माप आपणांस अंतराच्या व भरीवपणाच्या रूपानें दिसतें. चार्लस व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आपलें द्विनेत्री यंत्र पुढें मांडून दाखवून दिलें कीं, दोन सपाट चित्रें दोन डोळ्यांस निरनिराळीं दाखविलीं असतां भरीव वस्तु पाहिल्याचा प्रत्यय येतो. पुढें १९६० सालीं बेला यूलेश यांनीं त्याहूनही नवलाची गोष्ट केली. त्यांनीं नुसत्या विखुरलेल्या ठिपक्यांचीं दोन चित्रें केलीं. एकेकट्या चित्रांत कांहींच आकृति नाहीं. परंतु दोन्ही डोळ्यांनीं एकत्र पाहतांच मधोमध एक चौकोन वर उचलला जातो. हा चौकोन उजव्या डोळ्यासही दिसत नाहीं व डाव्यासही दिसत नाहीं. तो केवळ दोहोंच्या संगमांत दिसतो.

हा संगम होण्यास दोन गोष्टी अवश्य आहेत. दोन्ही डोळे एकाच बिंदूकडे वळले पाहिजेत, आणि दोहोंतील चित्रें साधारण सारखीं स्पष्ट असलीं पाहिजेत. मूल तिरळें असेल तर पहिली अट मोडते. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार निराळा असेल, किंवा एका डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू असेल, तर दुसरी मोडते. अशा वेळीं मेंदूपुढें दोन न जुळणारीं चित्रें येतात. दोन्ही पाहावीं तर एकाचे दोन दिसतात, आणि गोंधळ उडतो. तेव्हां मेंदू एक युक्ति करतो: तो एका चित्राकडे काणाडोळा करतो. मराठींतील हा वाक्प्रचार या ठिकाणीं इतका चपखल बसतो कीं, शास्त्रीय परिभाषेची उणीव भासूं नये. आतां हा काणाडोळा दोन प्रकारांचा असूं शकतो. कधीं मेंदू पाळीपाळीनें एकेका डोळ्याला गप्प बसवितो; तसें असेल तर दोन्ही डोळ्यांची नजर तीक्ष्ण राहते, मात्र त्यांची जोडी जमत नाहीं. बॅरीबाईंचा प्रकार हा होता, आणि काकाक्षिगोलकन्याय लागू पडतो तो येथेंच. कधीं मात्र तो नेहमीं एकाच डोळ्याची उपेक्षा करतो. मग त्या डोळ्याचें मेंदूंतील स्थान खुंटतें व उत्तम चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नाहीं. ज्याला इंग्रजीवरून आपण ‘आळशी डोळा’ म्हणूं लागलों आहों, तो हा. शंभर मुलांमागें सुमारें दोन-तीन मुलांत तो आढळतो.

या ‘आळशी’ विशेषणाविषयीं आमची तक्रार आहे, ती येथेंच नोंदवितों. डोळा मुळींच आळशी नसतो. तो उघडा असतो, प्रकाश घेत असतो, आपलें चित्र इमानानें वर पाठवीत असतो. तें चित्र वर कोणी घेत नाहीं, हा त्याचा दोष नव्हे. नावडत्या सुनेचें मीठ अळणी, तशांतलाच हा प्रकार आहे. वैद्यांचा मूळ ग्रीक शब्द ‘बोथट दृष्टि’ एवढेंच सांगतो. त्यांत निंदा नाहीं. आपल्याकडेही ‘मंददृष्टि’ हा निरुपद्रवी शब्द आहे. शब्दांचा हा कीस काढण्याचें कारण असें कीं, ज्या मुलाच्या डोळ्याला आळशी म्हणावयाचें, त्या मुलालाच आळशी समजण्यास फार वेळ लागत नाहीं. बॅरीबाईंच्या पुस्तकांतील शाळेचें प्रकरण या दृष्टीनें अवश्य वाचावें. नजर पानावर स्थिर राहीना, म्हणून त्यांना वाचनाचे कष्ट पडत. शाळेनें त्यांची गणना मंद मुलांत केली. आणि आईनें हट्टानें त्यांचा कैवार घेतला नसता तर पुढची प्राध्यापिका कदाचित् घडलीच नसती.

आतां कथानक. बॅरीबाईंचा जन्म १९५४ सालचा. लहानपणींच डोळे तिरळे झाले म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या व सातव्या वर्षीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. डोळे दिसावयास बरेच सरळ झाले, आणि घरच्यांची समजूत झाली कीं आतां सर्व ठीक आहे. कॉलेजांत शिकत असतां एका व्याख्यानांत त्यांनीं मांजराच्या पिलांवरील प्रयोगांची माहिती ऐकली. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनीं १९६०नंतरच्या दशकांत दाखविलें होतें कीं, पिलाचा एक डोळा बालपणीं शिवून ठेवला किंवा दोन डोळे कृत्रिम रीतीनें तिरळे केले, तर मेंदूंतील पेशींचें दोन्ही डोळ्यांशीं असलेलें नातें तुटतें. या संशोधनासाठीं त्या दोघांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. व्याख्यान ऐकून त्या तरुणीला कळलें कीं, इतर लोक जग ज्या रीतीनें पाहतात त्या रीतीनें आपण तें कधींच पाहिलेलें नाहीं, आणि तशी वेळ आतां टळून गेली आहे. पुढें त्या स्वतः मज्जाशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या व हीच माहिती आपल्या विद्यार्थ्यांस शिकवूं लागल्या.

पन्नाशी जवळ आली तेव्हां दूरचें पाहतांना नजर थरथरूं लागली, म्हणून त्या थेरेसा रुग्गिएरो या दृष्टितज्ज्ञ बाईंकडे गेल्या. तेथें मिळालेला उपचार दिसावयास अगदींच साधा आहे. एका लांब दोरींत तीन रंगीत मणी ओंवलेले. दोरीचें एक टोंक नाकाशीं धरावयाचें व दोन्ही डोळे एकाच मण्यावर आणावयाचे. जमलें तर दोरी दुहेरी दिसते व त्या दोन दोऱ्या बरोबर मण्यापाशीं एकमेकींस छेदतात. न जमलें तर कोणता डोळा चुकतो आहे तें तत्काळ कळतें. फ्रेडरिक ब्रॉक या दृष्टितज्ज्ञानें योजिलेलें हें साधन आहे. २००२ सालीं असा अभ्यास करून बॅरीबाई मोटारींत येऊन बसल्या आणि समोरचें सुकाणूचें चाक फलकापासून सुटून मोकळ्या हवेंत अधांतरीं उभें असलेलें त्यांना दिसलें. पुढील दिवसांत आरसा, नळाची तोटी, झाडाच्या फांद्या अशा एकेका वस्तूनें आपली जागा घेतली. पुस्तकाच्या इंग्रजी नांवांतील ‘फिक्स’ या शब्दाचे स्थिर करणें व दुरुस्त करणें असे दोन अर्थ आहेत, आणि लेखिकेनें दोन्ही सार्थ केले आहेत.

पुस्तकाचें खरें वैभव या भागांत आहे. एके दिवशीं त्या बर्फवृष्टींत बाहेर पडल्या. पूर्वीं बर्फ पडतांना तो आपल्या पुढें एका पडद्यावर पडत असल्यासारखा दिसे व आपण तें दृश्य बाहेरून पाहतों असें वाटे. आतां प्रत्येक कण आपापल्या ठिकाणीं, आपापल्या वाटेनें खालीं येत होता, कणाकणांमध्यें अवकाश होता, आणि त्या सर्वांच्या मधोमध त्या स्वतः उभ्या होत्या. झाडाच्या पानांविषयीं लिहितांनाही त्या पानांपेक्षां पानांमधील रिकाम्या जागेबद्दल अधिक लिहितात. आपणांपैकीं ज्यांना ही दृष्टि जन्मतः आहे त्यांना रिकामी जागा ‘दिसते’ हें वाक्यच चमत्कारिक वाटेल. कारण माशाला पाण्याची जाणीव नसावी तशी आपणांस तिची जाणीव नसते. आपल्या अंगीं असलेलें परंतु कधीं मोजदाद न केलेलें धन दुसऱ्याच्या हर्षावरून आपणांस कळावें, हें कार्य सामान्यतः कवि करतात. येथें तें एका शास्त्रज्ञ बाईंनीं केलें आहे, आणि तेंही अलंकारांची गर्दी न करतां.

परंतु आमच्या मतें पुस्तकाचा गाभा याहून निराळ्या एका लहानशा प्रसंगांत आहे. बरें होण्याच्या कांहीं वर्षें अगोदर एका समारंभांत बॅरीबाईंची सॅक्स यांच्याशीं गांठ पडली. सॅक्स यांना द्विनेत्री दृष्टीचें लहानपणापासून वेड. त्यांनीं विचारलें, दोन डोळ्यांनीं पाहिलेलें जग कसें दिसत असेल याची तुम्हांला कल्पना करतां येते काय? बॅरीबाईंनीं होय म्हणून उत्तर दिलें. त्या या शास्त्राच्या अध्यापक. सर्व निबंध वाचलेले, सर्व आकृत्या पाठ. मग कल्पना कां येऊं नये? पुढें डिसेंबर २००४मध्यें त्यांनीं सॅक्स यांना लांबलचक पत्र लिहून कळविलें कीं, तें उत्तर चुकीचें होतें.

शब्द आणि प्रत्यक्ष हीं निराळीं प्रमाणें आहेत, हें आपल्याकडील नैयायिकांनीं पूर्वींच सांगून ठेविलें आहे. साखरेची गोडी सांगून कळत नाहीं, हें तर कोणीही सांगेल. पण ज्याला साखरेविषयीं सर्व कांहीं ठाऊक आहे, त्याला आपण ती चाखलेली नाहीं याचाही विसर पडूं शकतो, हा या प्रसंगांतील विशेष आहे. अशाच स्वरूपाचा एक जुना प्रश्न विल्यम मॉलिन्यू यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञ लॉक यांना घातला होता: जन्मांधाला स्पर्शानें घन व गोल ओळखतां येतात, त्याला दृष्टि आली तर नुसतें पाहून तो ते ओळखील काय? त्याचें प्रयोगसिद्ध उत्तर २०११ सालीं मिळालें, आणि तें भारतांतील मुलांनीं दिलें. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पांत जन्मजात अंधत्वावर शस्त्रक्रिया झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या पांच मुलांची परीक्षा घेतली गेली. हातानें चाचपलेली वस्तु त्यांना प्रथम नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां आली नाहीं. मात्र थोड्याच दिवसांत तें त्यांना साधूं लागलें. एका इंद्रियाचें ज्ञान दुसऱ्याला परस्पर मिळत नाहीं. मग पुस्तकाचें ज्ञान डोळ्याला कोठून मिळणार?

आतां या प्रसंगावरून निघणारा एक निष्कर्ष, जो लेखिकेनें आम्हांस वाटतो तितक्या जोरानें मांडलेला नाहीं. या विषयाच्या प्राध्यापिकेला जर आपल्यांत काय उणें आहे याची कल्पना करतां आली नाहीं, तर चार वर्षांच्या मुलाला ती कोठून येणार? आळशी डोळ्याचें मूल तक्रार करीत नाहीं, याचें कारण हेंच. तें दुसऱ्या डोळ्यानें पाहतें, खेळतें, चित्रें काढतें. आणि जग असेंच दिसावयाचें असतें, असें त्याला वाटतें. डोळा तिरळा असेल तर निदान आईबापांच्या लक्षांत तरी येतें, जरी ‘मोठें झालें म्हणजे आपोआप जाईल’ म्हणून तिकडेही काणाडोळाच होतो. परंतु दोन डोळ्यांचे नंबर निराळे असतील तर बाहेरून कांहींएक दिसत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत कचरा गेला म्हणून आजीनें तिचा उजवा डोळा हातानें झांकला, तेव्हां ‘आजी, दिवा गेला कां ग?’ असें तिनें विचारलें. तोंपर्यंत त्या घरांत कोणालाही शंका आली नव्हती. तपासणीची वाट मुलाच्या तक्रारीनें उघडत नाहीं. ती वडील माणसांनींच उघडावी लागते.

यापुढें आमचे आक्षेप. पहिला व मुख्य आक्षेप असा कीं, तिरळेपणा व मंददृष्टि यांतील जो भेद आम्हीं वर सांगितला, तो लेखिकेस पूर्ण अवगत असूनही पुस्तकाच्या ओघांत पुसट होतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर चांगली होती. जमावयाची होती ती फक्त जोडी. ज्याचा एक डोळा वर्षानुवर्षें बोथट राहिला आहे, त्याच्यापुढील अडचण याहून निराळी व बहुधा अधिक कठीण आहे. पुस्तक मिटतांना अशा वाचकाच्या मनांत जी आशा उत्पन्न होते, तिला या एका उदाहरणाचा आधार पुरत नाहीं.

दुसरा आक्षेप साक्षीदारांविषयीं. लेखिकेनें अशाच प्रकारें दृष्टि आलेल्या इतरांचे अनुभव ठिकठिकाणीं दिले आहेत. ते वाचनीय आहेत. परंतु ज्यांना उपचार करूनही गुण आला नाहीं, ते लोक पत्रें लिहीत नाहींत व पुस्तकांतही येत नाहींत. अशा व्यायामोपचारांबद्दल नेत्रवैद्य व दृष्टितज्ज्ञ यांच्यांत अमेरिकेंत जुना वाद आहे, आणि लेखिकेचा कल कोणत्या बाजूस आहे हें पानोपानीं दिसतें. स्वतः त्यांच्या बाबतींत मात्र संशयाला जागा नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे: सॅक्स यांनीं एक नेत्रवैद्य व एक दृष्टिशास्त्रज्ञ अशा दोघां मित्रांसह त्यांच्या घरीं जाऊन त्यांची परीक्षा घेतली होती. ब्रूस ब्रिजमन या दृष्टिशास्त्रज्ञासही लहानपणापासून अशी दृष्टि फारशी नव्हती. २०१२ सालीं, साठी उलटल्यावर, ‘ह्यूगो’ हा त्रिमिति चित्रपट पाहतांना ती त्यांना प्रथम आली व पुढें टिकली. तेव्हां प्रौढपणीं हें घडूं शकतें, इतकें सिद्ध आहे. तें किती जणांच्या बाबतींत घडेल, हें अशा हकीकतींवरून ठरत नाहीं.

मोजमापाची जी साधनें आहेत तीं काय सांगतात? पूर्वीं मांजराच्या पिलांवरील प्रयोगांचा अर्थ असा केला जाई कीं, सात-आठ वर्षांनंतर मंददृष्टीवर उपाय नाहीं. हा अर्थ ओढूनताणून लावलेला आहे असें बॅरीबाई म्हणतात, आणि त्यांत त्यांचा पक्ष सबळ आहे. २००५ सालीं अमेरिकेंत ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांच्या पाहणीचे निकाल प्रसिद्ध झाले. ७ ते १२ वर्षांच्या मुलांत नुसता चष्मा दिला असतां शेंकडा २५ मुलांची नजर लक्षांत येण्याइतकी सुधारली; चष्म्याबरोबर पट्टी वगैरे उपचार दिले असतां शेंकडा ५३ जणांची सुधारली. १३ ते १७ वर्षांच्या मुलांत मात्र हेच आंकडे २३ व २५ असे होते, म्हणजे एकंदरींत उपचारानें फारसा फरक पडला नाहीं. या आंकड्यांत बॅरीबाईंच्या आशेला पुष्टि आहे आणि आमच्या भीतीलाही आहे. सातव्या वर्षीं दार बंद होत नाहीं; परंतु तें हळूहळू लोटलें जात असतें. ‘४८व्या वर्षीं जमलें, मग आज काय घाई’, असा अर्थ कोणा पालकानें काढला तर त्याचें मोल पालकास नव्हे, मुलास द्यावें लागेल.

उपचारांविषयीं पुस्तकांत एक मुद्दा फार मार्मिक आहे. चांगला डोळा झांकून दुसऱ्याला कामाला लावावें, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनीं १७४३ सालींच ती मांडली होती. आजही चष्म्यानंतरचा मुख्य आधार तीच आहे, आणि ती पूर्वीइतकी जाचक राहिलेली नाहीं: मध्यम प्रतीच्या दोषांत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, असें २००३ सालच्या पाहणींत आढळलें, आणि चांगल्या डोळ्यांत अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालूनही तोच गुण येतो, असें त्याच्या आदल्या वर्षीं दिसून आलें होतें. परंतु बॅरीबाई विचारतात तें असें कीं, एक डोळा झांकून दुसऱ्याला शिकविलें, तर दोघांनीं मिळून काम करण्याचें शिक्षण त्यांना कोणी दिलें? दोन भावांस पाळीपाळीनें कोंडून ठेविल्यानें भांडण थांबेल, एकोपा होणार नाहीं. दोन्ही डोळ्यांस एकाच वेळीं निरनिराळीं चित्रें दाखवून त्यांना एकत्र कामास लावणारे खेळ व चित्रपट अलीकडे निघाले आहेत. त्यांच्या परीक्षांचे निकाल संमिश्र आहेत, तथापि विचाराची दिशा बरोबर आहे.

शेवटचा आक्षेप सुराविषयीं. नव्या दृष्टीच्या आनंदांत लेखिका जुन्या दृष्टीला कधीं कधीं फारच दरिद्री ठरवितात. एका डोळ्यालाही खोलीचीं पुष्कळ गमकें उपलब्ध असतात: जवळची वस्तु दूरच्या वस्तूस झांकते, समांतर रेषा दूर जातां जातां मिळतात, सावली उठाव दाखविते, आणि आपण डोकें हालविलें कीं जवळच्या वस्तु भरभर व दूरच्या सावकाश सरकतात. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा १९६१ सालीं मोटारीच्या अपघातांत अधू झाला. त्यानंतर ते भारताचे कर्णधार झाले व कसोटी सामन्यांत त्यांनीं सहा शतकें काढलीं. चित्रकाराला तर सपाट पाहणें सोयीचेंही पडत असेल. मार्गारेट लिव्हिंगस्टन व बेव्हिल कॉन्वे या दोघां संशोधकांनीं रेम्ब्रां याचीं ३६ आत्मचित्रें तपासून २००४ सालीं असें अनुमान मांडलें कीं, त्याचे दोन डोळे एका रेषेंत नव्हते व त्यास द्विनेत्री दृष्टि नसावी. साडेतीनशें वर्षांपूर्वीं गेलेल्या माणसाची नेत्रपरीक्षा त्याच्या कुंचल्यावरून करणें धाडसाचें आहे, आणि तें अनुमानच समजावें. परंतु तें अशक्य कोटींतलें नाहीं. हीं उदाहरणें देण्याचा हेतु एवढाच कीं, ज्यांना ही दृष्टि आतां मिळणार नाहीं, त्यांनीं हें पुस्तक वाचून आपलें जग खोटें मानूं नये.

येथें सॅक्स यांची गोष्ट आठवते. २००५ सालीं त्यांच्या उजव्या डोळ्यांत अर्बुद निघालें, आणि पुढें त्या डोळ्याची दृष्टि गेली. ज्यानें बॅरीबाईंस तो प्रश्न विचारला होता, त्याचेंच जग सपाट झालें. एकीला उतारवयाकडे झुकतांना जें मिळालें, तें दुसऱ्यानें म्हातारपणीं गमावलें. आणि दोघेही त्याविषयीं एकमेकांस लिहीत राहिले. सॅक्स २०१५ सालीं निवर्तले. त्यांचें लेखन व बॅरीबाईंचें पुस्तक हीं शेजारीं ठेवून वाचावीं. मिळाल्याचा आनंद व गेल्याचें दुःख हीं दोन किंचित् निराळीं चित्रें एकत्र आलीं, म्हणजे या विषयाची खोली दिसते.

एकंदरींत, आक्षेप जमेस धरूनही हें पुस्तक आम्हांस मोलाचें वाटतें. भाषा स्वच्छ आहे, शास्त्रीय भाग सामान्य वाचकास झेपण्यासारखा आहे, आणि लेखिकेनें आपला हर्ष लपविलेला नाहीं, तसाच आपला पूर्वींचा अज्ञानी आत्मविश्वासही लपविलेला नाहीं. त्याचें मराठी रूपांतर व्हावें. मात्र रूपांतरकारानें तिरळेपणा व मंददृष्टि यांतील भेद स्पष्ट करणारी चार पानें प्रारंभीं अवश्य जोडावीं. तोंपर्यंत ज्या घरांत लहान मूल आहे त्यांनीं इतकें करावें: मूल शाळेंत जाण्यापूर्वीं त्याच्या प्रत्येक डोळ्याची निराळी तपासणी नेत्रवैद्याकडून करून घ्यावी. पहिल्या चार-सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा दिसत असेल तर शाळेची वाट न पाहतां लगेच जावें, कारण क्वचित् तें डोळ्यांतील भयंकर रोगाचेंही लक्षण असतें. तपासणींत बहुधा मुलापुढें मोठ्या माशीचें एक चित्र ठेवतात, आणि तिचे पंख चिमटींत धर म्हणून सांगतात. ज्याचे डोळे जोडीनें पाहतात, तें मूल कागदाच्या वर हवेंत चिमटी करतें. दुसरें मूल कागदावर बोट टेकतें. आपलें मूल चिमटी कोठें करतें, हें वेळेवर पाहून घ्यावें.